कोबा खचला, तुमच्याकडे काय केलं?

घराभोवतीचा कोबा, पायरी, गाडी लावायची जागा, काहीही खचलं असेल आणि तुम्ही दुरुस्त केलं (किंवा बिघडवलं) असेल तर लिहा. सुरुवात मीच करते. मागच्या दाराबाहेरचा कोबा बोटभर खाली बसला होता. वरून सिमेंटचा पातळ थर ओढला आणि मोकळी झाले. वर्षभरात पापुद्रे निघाले.

*

निघणारच! जुनं काँक्रीट छिन्नीने खडबडीत करून, धुऊन, भिजवून घ्यायचं, पण वर पाणी साचलेलं नको. मग बाँडिंग केमिकलचा हात. थराची पातळ होत होत शून्यावर येणारी कड टिकत नाही, तिथे खाच कापून थराला जाडी द्यावी लागते. अर्थात खालचा कोबा हलत असेल तर सगळं मुसळ केरात.

*

आम्ही हातोडीने ठोकून पाहिलं. दोन हात लांब खणखणीत, भिंतीलगत मात्र बद्द आवाज, म्हणजे खाली पोकळ. वर पाहिलं तर गच्चीच्या पाण्याचा पाइप नेमका तिथेच सुटलेला. म्हणजे इतकी वर्षं खालची माती आम्हीच धुऊन काढत होतो म्हणा ना! आधी पाइप लांब नेला. मग साधारण 40 मिमीची भोकं पाडून सिमेंट-मातीचा पातळ गारा पंपाने भरला. कारागीर घाईचा असला की इथे तडा जातो. या भोकात थोडं, मग त्या भोकात, असं फिरत फिरत उचलायचं.

*

आम्ही गाऱ्याऐवजी कोब्याखाली फुगून उचलणारा फोम भरून घेतला. भोकं बारीक, काम झटपट, खालच्या मातीवर वजनही नाही. महाग पडतो. आणि जास्त उचललं गेलं तर परत खाली बसवता येत नाही, हे आम्हाला उंबऱ्याशी अडणाऱ्या दाराने शिकवलं.

*

आमच्याकडे 8 मिमीचाच उंचवटा होता, ग्राइंडरने घासला. पाणी मारत घासा, चांगला मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात बसते.

*

तुकडे झालेला कोबा उचलून उपयोग नाही, मी फोडून नवा केला. भराव थराथराने धुमसला, घरापासून बाहेर 50 ला 1 ढाळ दिला, सात दिवस पाणी मारलं.

*

धागाकर्तीच. पाइपचं वाचून मागे जाऊन पाहिलं. आमचाही तिथेच सुटतोय.