एदेनमध्ये हव्वेला खरंच चॉइस होता का? काय वाचू सुचवा

उंबरठा: मंडळी, आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक घेतोय आणि मी तिसऱ्या अध्यायालाच अडकलोय, जिथे पहिली बाई हव्वा सापाच्या नादाने एदेन बागेतलं देवाने मनाई केलेलं फळ खाते आणि नवरा आदामलाही देते. बऱ्यावाइटाचं ज्ञान त्या झाडाच्या फळात, मग फळ खायच्या आधी आज्ञा मोडणं वाईट हे हव्वेला कळणार तरी कसं? आणि देवाला सगळं आधीच ठाऊक असेल तर निवड कसली डोंबलाची? फार जड नको, मराठीत असेल तर सोन्याहून पिवळं.

वसईचा पोर: आधी कुणाचंच काही वाचू नका, उत्पत्ती २ ते ४ एका बैठकीत वाचून काढा. देव पहिल्यांदा म्हणतो की बागेतल्या हव्या त्या झाडाचं खा, मनाई मागून येते आणि तीही एकाच झाडाची, हे लोक विसरतातच. ३:६ ला (म्हणजे तिसरा अध्याय, सहावं वचन) हव्वा झाड नीट बघते, खायला चांगलं, दिसायला छान, शहाणपण देणारं, मग हात घालते, सापाने काही तोंडात कोंबलेलं नाही. आदाम तर महान, म्हणे तू दिलेल्या बाईने मला दिलं, म्हणजे बायको आणि देव दोघांवर एका वाक्यात ढकलून मोकळा. आणि ४:७ सोडू नका, आदाम-हव्वेचा मुलगा काइन भावाचा खून करतो, त्याआधी देव त्याला बजावतो की पाप दाराशी टपलंय, त्याला ताब्यात ठेव. मला निवडीचा प्रश्न तिथे जास्त थेट वाटतो.

पानगळ: पहिल्या प्रश्नाला इरेनियस, दुसऱ्या शतकातला लियोंचा बिशप. त्याच्या मते आदाम-हव्वा लेकरांसारखे कच्चे होते, अजून वाढायचे होते. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन (३५४–४३०) याच्या उलट, ते पूर्ण मोकळे होते म्हणूनच त्यांचं पापात पडणं भयंकर, आणि तेव्हापासून आपली इच्छाच अशी वाकडी झालीय की देवाच्या कृपेशिवाय सरळ होत नाही. यावरूनच पेलाजियसशी वाजलं, तो म्हणे माणूस स्वतःच्या इच्छेने पाप टाळू शकतो; ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसवाल्यांची मतं धुडकावली. तुमचा दुसरा प्रश्नही ऑगस्टीनने घेतलाय: तुम्हाला कालचं आठवतं म्हणून ते तुम्ही घडवलं असं होत नाही, तसंच देवाला उद्याचं ठाऊक असणं. मला हे पूर्ण पटत नाही पण कट्ट्यावर वाद रंगेल. विद्वान इरॅस्मस (१५२४) आणि प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर (१५२५) यांचं याच विषयावरचं भांडण नंतर घ्या, ल्यूथर फारच तापलेला आहे.

झिम्माड: इंग्रज कवी मिल्टनचं याच कथेवरचं महाकाव्य पॅरडाइज लॉस्ट (१६६७) कुणीच कसं सांगितलं नाही? तिसऱ्या सर्गात देव स्वतःच स्वतःची वकिली करतो, ते कंटाळवाणं आहे, सरळ नववा उघडा. हव्वा म्हणते आज वेगवेगळं काम करू, आदामला धोका दिसतोय, तरी तो शेवटी जा म्हणतो, कारण मनाविरुद्ध थांबवून ठेवलं तर ती जवळ असून नसल्यासारखीच. अख्ख्या विषयाचा गाभा त्या नवरा-बायकोच्या कुरबुरीत आहे.

वसईचा पोर: आणि मराठीत हवं तर इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, १६१६, गोव्यात रायतूरला छापलेलं, ओव्यांत! आदाम-हव्वा पहिल्या भागात आहेत. मूळ छपाई रोमन लिपीत, पण देवनागरी आवृत्ती आहे, मोठ्या लायब्ररीत विचारा.

उंबरठा: भारी! मिल्टनचं इंग्रजी झेपेल का पण?

झिम्माड: टिपांवाली आवृत्ती घ्या आणि मोठ्याने वाचा, पहिली दोन पानं डोकं धरायला होतं, मग जमतं.