पोस्ट काढताना कारण सांगावं की गुपचूप काढावी?

इन्सुलिनवाली_आई
टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांचा ऑनलाइन ग्रुप मी आणि आणखी काही जणी सांभाळतो. निदान नुकतंच झालेलं असतं, आईबाप भेदरलेले असतात, मध्यरात्री विचारतात, "शुगर ४०० दाखवतेय, काय करू?" नेमकं त्याखाली कुणीतरी लिहून जातं, "आमची पावडर घ्या, इन्सुलिन सुटेल." या आजारात इन्सुलिन थांबवलं तर कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) होतो, आणि तो एखाद-दोन दिवसांत मुलाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून असा मजकूर लगेच काढायचा, यावर आमच्यात दुमत नाही.

वाद कारण सांगण्यावरून आहे. एक मैत्रीण म्हणते, कारण दिलं की भांडण ओढवून घेतो, स्क्रीनशॉट फिरतात, "औषध कंपन्यांचे दलाल" ऐकावं लागतं. मला गुपचूप काढणं पटत नाही. ज्या आईने ती पावडरीची ओळ आधीच वाचली, तिला कोण सांगणार की ते खोटं होतं?

शिवाय हाकललेली माणसं नव्या पालकांना इनबॉक्समध्ये गाठतात. तिथे काय करायचं?

जुना_मॉडरेटर
कारण सांगाच. रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं की पोस्ट का काढली हे ज्यांना सांगितलं, त्यांच्या पुढच्या पोस्ट काढायची वेळ कमी आली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग तिथल्याच विज्ञानाच्या मोठ्या समूहातला. चर्चेच्या वरच नियम लावले, तर नवखे नियम जास्त पाळू लागले आणि त्यांचा सहभागही सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. नियम दिसले की लोक बिचकतील असं आपल्याला वाटतं; तिथे उलटंच झालं.

पण विकणारा आणि फसलेला, या दोघांना एकाच काठीने हाकू नका. विकणाऱ्याला एका ओळीत कारण द्या, बाहेर काढा, पुढे वाद घालू नका. "इन्सुलिन सुटतं असं ऐकलं, खरं का?" असं विचारणाऱ्या बापाची पोस्ट मात्र राहू द्या आणि खाली नीट उत्तर द्या. त्याला गप्प केलंत तर तो हाच प्रश्न पावडरवाल्यालाच विचारेल, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

रात्रपाळी
इनबॉक्सबद्दल: नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी सांगा, "ग्रुपच्या नावाने खासगीत कुणी औषध विकत असेल तर आम्हाला कळवा." आणि रिपोर्ट करण्याआधी चॅट पुसू नका. व्हॉट्सअॅपचे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असल्यामुळे कंपनीला ते एरवी दिसत नाहीत. तुम्ही रिपोर्ट केलं की समोरच्याचे शेवटचे ५ संदेश तिच्याकडे जातात. घाबरून लोक आधी डिलीट करतात, मग हाती काहीच उरत नाही.

निळी_शाई
कारण ग्रुपच्या नावाने द्या, कुणा एकीच्या नावाने नको. शिव्या नेमक्या त्या एकीलाच पडतात आणि ती महिन्याभरात काम सोडते. दाद मागायचीही सोय ठेवा; ती मात्र पोस्ट काढणारीने नाही, दुसरीने बघावी.

इन्सुलिनवाली_आई
फसलेल्या बापाचं अगदी पटलं, तो फरक आजच मैत्रिणींपुढे मांडते. मजकूर असा ठेवू का: "इन्सुलिन बंद करण्याचा सल्ला असल्यामुळे ही कमेंट काढली. इन्सुलिन थांबवू नका, शंका असेल तर मुलाच्या डॉक्टरांना लगेच फोन करा."? कीटोअॅसिडोसिसची लक्षणंही, उलट्या, पोटदुखी, धाप, त्यातच लिहू की वेगळी पोस्ट वर पिन करू?

जुना_मॉडरेटर
दोन्ही करा. पिन केलेली पोस्ट रात्री दोन वाजता कुणी शोधत बसत नाही.