शब्दचर्चा : हेवा, मत्सर, ईर्ष्या – नवराबायकोत कोणता?

प्रश्न :
नाशिकला आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) रविवारी जोडप्यांची सभा आहे. संसारातल्या जळण्यावर मला बोलायचं आहे आणि पहिल्याच शब्दाला अडले. बायबलात १ करिंथ १३:४ मध्ये ‘प्रीती हेवा करीत नाही’ असं वचन आहे. पण हेवा वाटतो तो शेजारणीच्या येवल्याच्या पैठणीचा. बायको ऑफिसातल्या कुणाशी हसून बोलली की नवऱ्याच्या पोटात कालवतं, तोही हेवाच का? शिवाय निर्गम २०:५ मध्ये देव स्वतःला ‘ईर्ष्यावान’ म्हणतो. मग ईर्ष्या पाप कशी?

प्रतिसाद :
ताई, हेवा दुसऱ्याकडे असलेल्या गोष्टीचा. इथे भीती आपलं माणूस हातचं जाण्याची. जवळचा शब्द ‘सवतीमत्सर’, पण तो बाईच्या माथी मारलेला. पुरुषाच्या जळण्याला आपण ‘संशय’ म्हणतो, जणू चूक समोरच्याचीच असावी. हे मला फार खटकतं.

प्रतिसाद :
‘ईर्ष्या’ सोडू नका. अमरकोशात तिचा अर्थ ‘अक्षान्ति’, म्हणजे सहन न होणं. (असूया निराळी, ती गुणांतही दोष काढते.) पण बोलताना आपण ‘ईर्षेने अभ्यास केला’ असंही म्हणतो. नव्या कराराच्या मूळ ग्रीकचंही तसंच. १३:४ मधलं ‘हेवा करणे’ आणि २ करिंथ ११:२ मधली प्रेषित पौलाची मंडळीविषयीची तळमळ, दोन्हीकडे क्रियापद एकच. निर्गमातलं हिब्रू विशेषण तर जुन्या करारात फक्त देवासाठी येतं. त्याच धातूचं नाम मात्र नीतिसूत्रे ६:३४ मध्ये नवऱ्याच्या संतापासाठी आहे.

म्हणून कुणी ‘देवही ईर्ष्यावान आहे’ म्हणत बायकोचा फोन तपासत असेल, तर त्याला थांबवा. देवाची ईर्ष्या त्याने आपल्या लोकांशी केलेल्या कराराची आहे, लोकांच्या भल्यासाठी आहे. आणि १३:४ च्या पुढचंच वचन वाचा : ‘स्वार्थ पाहत नाही, चिडत नाही, अपकार स्मरत नाही.’ ‘स्मरत’च्या जागी मुळात हिशेबाचं क्रियापद आहे. जळणारं माणूस तेच करतं, मनात वही उघडून बसतं.

प्रश्नकर्ती :
वहीचं वाचून पोटात गलबललं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मीच ह्यांचा फोन चाळायचे. कोण किती वाजता, काय बोललं, सगळं पाठ असायचं. सापडलं काहीच नाही, तरी झोप यायची नाही. शेवटी एका रात्री दोघं प्रार्थनेला बसलो आणि मी म्हणाले, “मला धास्ती वाटते, तुम्ही मला सोडून जाल.” ‘संशय’ म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. धास्ती म्हटल्यावर ह्यांनी माझा हात धरला.

तेव्हा वचन वाचताना ‘हेवा’च वाचीन, जोडप्यांशी बोलताना ‘धास्ती’ म्हणेन. बागलाण-मालेगावकडच्या कुणाला नवऱ्याच्या जळण्याला अहिराणीत वेगळा शब्द ठाऊक असेल तर शनिवारपर्यंत कळवा.