चर्चा : उतरणाऱ्या विमानांमधले अंतर कमी करणे योग्य आहे काय?

मूळ धागा

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर मार्च २०१५ पासून एकामागून एक उतरणाऱ्या विमानांमधले अंतर केवळ मैलांत न मोजता सेकंदांतही मोजले जाते. समोरून जोराचा वारा असला की विमानाचा जमिनीसापेक्ष वेग घटतो, तेच अंतर कापायला जास्त वेळ लागतो आणि तासाभरात उतरणाऱ्या विमानांची संख्या रोडावते. म्हणून अशा दिवशी तेथे वेळ कायम ठेवून मैल कमी करतात. मला हे पूर्णपणे योग्य वाटते, कारण पुढच्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून निघणारे आणि मागच्या विमानाला धोक्याचे ठरणारे हवेचे भोवरे जोराच्या वाऱ्यात लवकर मोडतात आणि ठरावीक मैलांच्या नियमाला याचा पत्ताच नसतो.

विमानांच्या वजनावरून हे अंतर ठरवणाऱ्या जुन्या वर्गवारीबद्दलही हेच म्हणता येईल. तिच्यात ७ ते १३६ टनांपर्यंतची सगळी विमाने 'मध्यम', म्हणजे २३ टनांचे एटीआर ७२ आणि ९७ टनांचे एअरबस ए३२१निओ एकाच रांगेत! युरोपातील सहा गटांच्या नव्या वर्गवारीत बोइंग ७७७ च्या मागून येणाऱ्या ए३२० ला ५ ऐवजी ४ नॉटिकल मैल (एक म्हणजे सुमारे १.८५ किमी) पुरतात. मात्र त्याच ७७७ च्या मागे सर्वांत हलक्या विमानांचे अंतर ६ वरून ७ वर गेले आहे. तेव्हा याला सरसकट काटछाट म्हणणे चुकीचे ठरेल.

प्रतिसाद १

असहमत. १५ डिसेंबर १९९३ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना येथे बोइंग ७५७ च्या मागून उतरणारे वेस्टविंड हे छोटे जेट भोवऱ्यात सापडून कोसळले आणि पाचही जणांचा मृत्यू झाला. ते सुमारे २.१ नॉटिकल मैल मागे आणि ७५७ च्या मार्गाच्या जवळपास ४०० फूट खाली होते. भोवरे मिनिटाला ३०० ते ५०० फूट खाली सरकतात, म्हणजे ते जेट नेमके त्यांच्या वाटेत होते. अंतर कमी करण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. गर्दीच्या विमानतळांवर मागणी नेहमी एकाच दिशेने येते, आणि ती सुरक्षिततेची नसते.

धागाकर्त्याचे उत्तर

आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्या वेळी अमेरिकेत ७५७ 'जड' गटात बसत नव्हते, कारण सीमारेषा १३६ टनांची होती आणि त्याचे कमाल वजन ११५ टनांच्या आसपास होते. भोवरा मात्र त्याच्या वजनावरून वाटेल त्यापेक्षा तीव्र निघाला. शिवाय मागचे विमान वैमानिकाच्या नजरेच्या भरवशावर उतरत होते, त्यामुळे अंतर राखण्याची जबाबदारी त्याच्यावरच होती. दोष ढोबळ वर्गवारीचा होता, आणि मी तीच बदला म्हणतो आहे.

प्रतिसाद २

मुंबईपुरते बोलायचे तर हा वाद बराचसा गैरलागू आहे. दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एकच वापरात असते आणि दोन उतरणाऱ्यांच्या मध्ये एक उडवावे लागते. अंतर तिथेच ठरते, भोवऱ्यावर नव्हे.

प्रतिसाद ३

धागाकर्ते जोराच्या वाऱ्याबद्दल बोलतात. माझी भीती मंद वाऱ्याची आहे. जमिनीजवळ आल्यावर दोन्ही भोवरे खाली जायचे थांबून बाजूंना सरकू लागतात, आणि हलका आडवा वारा असेल तर वाऱ्याकडच्या बाजूचा भोवरा धावपट्टीवरच रेंगाळतो. हीथ्रोच्या उतरण्याच्या मार्गाखालील घरांची कौले भोवऱ्यांमुळे निसटतात आणि विमानतळ ती स्वखर्चाने दुरुस्त करून देतो. म्हणजे ही ताकद छपराच्या उंचीपर्यंत टिकते. वारा जोरात असताना मैल कमी करता, तर तो पडलेला असताना वाढवता काय?

धागाकर्त्याचे उत्तर

कौले निसटतात ती विमान नुकतेच डोक्यावरून गेलेले असताना. दीड-दोन मिनिटांनी येणाऱ्या पुढच्या विमानाबद्दल त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. शांत हवेत हीथ्रोवर नेहमीचेच मैल पाळले जातात, वाऱ्यापायी ते कमी केलेले नाहीत.

प्रतिसाद ३ कडून

कमी केलेले नाहीत, पण वाढवलेलेही नाहीत, आणि माझा आक्षेप तेवढाच आहे. निदान मंद आडव्या वाऱ्यात एखाद्या वैमानिकाने आणखी एक मैल मागितला, तर त्यामागे रांग खोळंबली म्हणून त्याच्याकडे खुलासा मागितला जाऊ नये.