मदत हवी आहे: समुद्रातल्या नव्या प्लॅटफॉर्मचं सेफ्टी ऑडिट

नमस्कार मंडळी. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात एका नव्या वेलहेड प्लॅटफॉर्मवर (तेल-वायू विहिरींची तोंडं असलेल्या) मी कंत्राटदाराकडून सेफ्टीचं काम बघतो. उत्पादन सुरू करण्याआधी ओआयएसडीची (तेल उद्योगाची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची) संमती लागते, २००८च्या ऑफशोअर सुरक्षा नियमांप्रमाणे. त्याआधीचं आमचं अंतर्गत ऑडिट नुकतंच झालं.

डेल्यूजच्या, म्हणजे आग लागल्यावर पाणी फवारणाऱ्या यंत्रणेच्या, पाइपलाइनवरचे काही नोझल मी बोटाने चाचपून पाहिले. तोंडात रंग सुकून बसलाय. पेंटिंगवाल्यांनी मास्किंग न करताच (नोझल न झाकताच) स्प्रे मारला होता. चाचणीच्या कागदावर मात्र 'समाधानकारक' आणि खाली सही. वरिष्ठ म्हणतात, नोझल साफ करून फोटो जोडा, मुद्दा बंद. माझं म्हणणं, पाणी सोडून पूर्ण चाचणी (ओली चाचणी) पुन्हा घ्या, आतल्या पाइपमध्ये काय अडकलंय ते फोटोत कसं दिसणार?

२७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थ या समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर जहाज रायझरला (समुद्रतळावरून वर येणाऱ्या तेल-वायूच्या पाइपला) धडकलं, वायू पेटला, २२ माणसं गेली. तेव्हा माझे मामा शेजारच्याच फील्डमध्ये होते. आगीच्या वेळी पाणी आलंच पाहिजे, एवढंच मला कळतं.

तर ऑडिटचा अनुभव असलेल्यांनी सांगा: मुद्दा 'खुला' ठेवण्यासाठी लेखी हरकत कशी मांडावी? ओल्या चाचणीत प्रत्येक नोझलची नोंद ठेवता का, की फक्त दाबाची? एखादा नमुना तक्ता असेल तर कृपया द्या. पुढच्या आठवड्यात हेलिकॉप्टरने परत जायचंय.