वर्गणी देतो, पण पॅनल आल्यावर पोरांना काय येणार ते आधी लिहून द्या

घाटावरचा_वारा: आमच्या जि.प. शाळेत इंटरॅक्टिव्ह पॅनलसाठी (वर्गात लावायचा मोठा टच स्क्रीन) लोकवर्गणी चालू आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, मीटिंगमध्ये एवढंच बोललो की चौथीतल्या किती पोरांना हातच्याची वजाबाकी येते ते आज बघू, दिवाळीनंतर परत तसाच पेपर घेऊ, आणि त्या वजाबाकीसाठी पॅनल कोण, कधी वापरणार ते आत्ताच ठरवू. तर सगळे असे बघायला लागले जसं काय मी वर्गणी बुडवायलाच आलोय! 2015 ला सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, त्यानंतर गावोगाव प्रोजेक्टर घेतले, भिंतीवर 'डिजिटल शाळा' रंगवलं. त्यातले आज चालू किती?

खडूवाले_सर: साहेब, आधीच सरल, यू-डायस, दीक्षा ही सरकारी पोर्टलं, हजेरीचं ॲप, त्यात आता तुमचा पेपर. मूल्यमापन पॅनलचं म्हणता आणि शेवटी होतं ते शिक्षकाचं. शिवाय पोरं सुधारली तर ती पॅनलमुळे की मी जादा तास घेतला म्हणून, हे कसं ओळखणार?

घाटावरचा_वारा: मुद्दा बरोबर आहे सर. दोन तुकड्या असतील तर एकीला आधी वापरू द्यायचा, दुसरीला नंतर.

खडूवाले_सर: दोन तुकड्या?? इथे पाच वर्गांना मिळून दोन शिक्षक आहेत 😀

कोथरूडचा_कोडर: प्रत्येक गोष्टीचा हिशोब कशाला? परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले तेव्हा आधी रिझल्ट दाखवा म्हणाला असता तर ते झालंच नसतं, 2020 चं ग्लोबल टीचर प्राइज तर लांबच. पोरांना हाताळू तर द्या आधी.

घाटावरचा_वारा: तिथे गुरुजींना वर्गातली अडचण आधी दिसली, कोड नंतर आला. आपल्याकडे आधी कोटेशन येतं. पेरू देशानं पोरांना लॅपटॉप वाटले, 319 शाळा धरून पाहणी केली, 2012 मध्ये निष्कर्ष आला: कॉम्प्युटरचा वापर वाढला पण गणित आणि भाषेत फरक नाही.

कोथरूडचा_कोडर: सोयीचं तेवढंच सांगू नका. दिल्लीत माइंडस्पार्क या शिकवणीच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला, 2019 ला छापून आला. साडेचार महिन्यांत लॉटरीत ते वापरायचा नंबर लागलेली मुलं बाकीच्यांपेक्षा गणितात पण पुढे गेली आणि हिंदीत पण.

घाटावरचा_वारा: गेली ना, पण ते शाळेबाहेरच्या सेंटरवर. आणि त्यातलं सॉफ्टवेअर पोराची पातळी बघून प्रश्न देतं, सातवीतल्या पोराचं चौथीचं कच्चं असेल तर चौथीचंच देतं. आपलं पॅनल सगळ्या वर्गाला एकच व्हिडिओ लावणार. म्हणून तर विचारतोय की घेताय ते नक्की कशासाठी!

लाईट_गेली: सगळे अभ्यास राहू द्या बाजूला, वीजबिल कोण भरणार ते लिहा ठरावात. आमच्या इथे बिल थकलं, मीटर काढून नेलं, पॅनलवर आता सुविचार चिकटवतात, ते पण कागदावर लिहून. शिवाय वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीला तालुक्याहून कोण येणार? आला तरी येण्याचेच पैसे मागतो.

कोथरूडचा_कोडर: मग सोलर बसवा, सोपं आहे.

लाईट_गेली: हो, त्याची पण वर्गणी काढू.

खडूवाले_सर: बरं, वजाबाकीचा पेपर मी काढतो, पण तोंडी पण घ्यायचा, काही पोरांना येतं पण लिहिता येत नाही. तपासायला समितीतले दोघं शनिवारी सकाळी या. आणि याचा निकाल माझ्या गोपनीय अहवालात जाणार नाही असं ठरावात घ्या, त्याशिवाय मी सही करणार नाही.