मदत हवी आहे: दोन मॉनिटर, एक फोटो, हळदीचे रंग मात्र दोन

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम इथंच डिझाइन करतो अन् छपाईला अमरावतीच्या लॅबला पाठवतो. जुना मॉनिटर टीएन पॅनेलचा (स्वस्तातला स्क्रीनचा प्रकार), व्हीजीए केबलवर. मागच्या महिन्यात आयपीएस पॅनेलचा (रंग जास्त नीट दाखवणारा प्रकार) २४ इंची घेतला, तो एचडीएमआय केबलवर. कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड एनव्हिडिया कंपनीचं.

आता एकच फोटो दोन्हीकडे उघडला की नवरीची हळद जुन्यावर लिंबासारखी, नव्यावर झेंडूसारखी. जुन्यावर पाहून मी एका अल्बमला पिवळा वाढवला. छापून आला तर नवरीचे वडील म्हणतात, "भाऊ, आमच्या जावयाले कावीळ झाली होती का जी?" अल्बम पुन्हा छापून द्यावा लागला, माझ्या खर्चानं.

दोन्हीचा ब्राइटनेस ५० वर ठेवला, दोन्ही 'वॉर्म' केले, नाइट लाइट बंद आहे. तरी जमून नाही राहिलं. कॅलिब्रेटरशिवाय (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) काही होईल का?

प्रतिसाद १
भाऊ, दोन्हीकडे ५० म्हणजे उजेड सारखा असं नाही. तो आकडा ज्याच्या त्याच्या मेनूपुरता. आधी दोन्ही मॉनिटर अर्धा तास तापू द्या. नव्याला एसआरजीबी मोड (रंगांचं ठरलेलं प्रमाण पाळणारी सेटिंग) असेल तर तो लावा. त्यात ब्राइटनेस हलत नसेल तर रंगाच्या मेनूत ६५०० केल्विन (दिवसाच्या उजेडासारखं पांढरं) निवडा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (चित्र पाहून उजेड आपोआप कमीजास्त करणारी सोय) दोन्हीकडे बंद. मग दोन्हीवर कोरं पांढरं पान उघडा. यापुढं नव्याला हात लावायचा नाही. जुन्याच्या मेनूत 'यूजर' रंगात जा अन् जो रंग जास्त वाटतो तो कमी करा. कोणताच वाढवू नका, उजळ भागातले बारकावे जातात. तुमच्याकडे बहुतेक निळाच जास्त असणार, म्हणून तर तुम्ही पिवळा ओतला.

प्रतिसाद २
नव्यावर काळे केस राखाडी दिसतात का? एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये रिझोल्यूशनच्या पानावर 'आउटपुट डायनॅमिक रेंज' बघा. 'लिमिटेड' असेल तर 'फुल' करा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या लिमिटेडमध्ये ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढ्याच जातात, ती टीव्हीची रीत. एचडीएमआयवर कार्ड कधीकधी मॉनिटरलाच टीव्ही समजतं.

प्रतिसाद ३
स्पष्ट सांगते, राग मानू नका. टीएनवर मान जरा खालीवर केली तरी रंग बदलतो. कितीही जुळवा, तो आयपीएससारखा होणार नाही. त्यावर फोल्डर अन् टूल्स ठेवा, रंग नव्यावरच ठरवा. अन् खोलीत उजेड कसा आहे?

धागाकर्ता
काळ्याचं बरोबर निघालं, 'लिमिटेड'च होतं! केस आता केसांसारखे दिसून राहिले.

ताई, राग कशाचा? पण उजेडाचं विचारलं अन् माझी ट्यूब पेटली. उन्हामुळे दाराला हिरवी नेट बांधली आहे. दुपारी सगळी खोली पोपटी! दुपारी केलेला फोटो रात्री वेगळा काहून दिसते, हे दोन उन्हाळ्यांपासून कोडं होतं. नेट काढली तर मीच शिजतो.

प्रतिसाद ३
नेट राहू द्या, रंगाचं काम रात्री करा. ट्यूबचा उजेड थेट स्क्रीनवर पडू देऊ नका. आणि लॅबचा एक चांगला प्रिंट मॉनिटरशेजारी धरून कागदाचं पांढरं अन् स्क्रीनचं पांढरं सारखं वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. बहुतेकांचा स्क्रीन फार उजळ असतो, मग प्रिंट काळपट आला म्हणून लॅबला शिव्या. कॅलिब्रेटर तालुक्यातल्या चार स्टुडिओवाल्यांनी मिळून घ्या. रोज लागत नाही, महिन्यातून एकदा पुरे. तो प्रत्येक मॉनिटरची वेगळी प्रोफाइल (रंग दुरुस्त करणारी फाइल) बनवतो, त्यासाठी डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

धागाकर्ता
काल रात्री बसलो. जुन्याचा निळा बराच उतरवला, पांढरं आता जवळपास जुळते. हळद तिकडे अजून थोडी लिंबूच आहे, पण तिकडे पाहणंच सोडलं. त्याच जावयाचे दोन फोटो नव्यावर दुरुस्त करून लॅबला पाठवले. प्रिंट गुरुवारच्या एसटीनं येतील, आले की इथंच सांगतो.